पितळेचं कडं

“शलाका, या बायकांच्या हातात काहीच नाही गं,” नाना हळूच म्हणाले.

आम्ही दुकानाच्या दारातच उभे होतो. आत चार-पाच बायका होत्या. पायघोळ निळे-जांभळे झगे, वर काळे एप्रन, डोक्याला पांढऱ्या टोप्या. एकजण कापडाचा तागा उलगडून बघत होती, दुसरी पिठाच्या पिशव्या खोक्यात रचत होती. मनगटं, बोटं, कान, गळे, सगळं मोकळं.

“अमिश लोक दागिने घालत नाहीत, नाना. लग्नाची अंगठीसुद्धा नाही.”

“बांगडीही नाही?”

“बांगडीही नाही.”

त्यांनी मान हलवली आणि टोपी काढून काखेत धरली, देवळात शिरताना धरावी तशी. चार महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेला हा पहिला विषय होता.

नाना माझे सासरे. नारायण कासार. फलटणला त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी तिथे बसून बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. सोबत सुया, दोरे, हुक, रिबिनी असं कटलरीचं सगळं सामानही असायचं. मे महिन्यात माई, माझ्या सासूबाई, ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या. परागने, माझ्या नवऱ्याने, दिवसकार्य उरकल्यावर दुकानाला कुलूप लावलं आणि नानांना आमच्याकडे ओहायोला आणलं. नानांनी विरोध केला नाही. कशालाच केला नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, फिरायला चला म्हटलं की चपला घालायचे.

हे सगळं २००८ सालचं. त्या दिवशी सप्टेंबरातला शुक्रवार होता. माझ्या पर्समध्ये मुखत्यारपत्र होतं. दुकानाला गिऱ्हाईक आलं होतं आणि परागला ते विकून टाकायचं होतं. नानांनी आमच्या बँकेतल्या नोटरीसमोर सही केली की काम झालं. परागला ऑफिसातून सुटणं शक्य नव्हतं, म्हणून तीनच्या सुमारास मी त्यांना घेऊन जायचं ठरलं होतं. “नानांना विचारलंयस ना?” मी सकाळी परागला म्हटलं होतं. “विचारलं. हो म्हणाले,” तो म्हणाला. नाना सगळ्यालाच हो म्हणत होते.

शेंगदाणे संपले होते आणि हे दुकान वाटेवर होतं, म्हणून मी गाडी वळवली. तोवर मीसुद्धा तिथे दोनदाच गेले होते.

आत वीज नव्हती; अमिश लोक जुन्या धर्मरीतीने, वीज आणि मोटारींशिवाय राहतात. हे आधी लक्षात यायचं नाही. नुसतं वाटायचं की इथे काहीतरी थांबलेलं आहे. फ्रीजची घरघर नाही, गाणी नाहीत, डोक्यावर ट्यूबचा पांढरा उजेड नाही. छपरात काचेची तावदानं होती आणि त्यांतून दुपार सरळ खाली उतरत होती. एका पट्ट्यात साखरेच्या पिशव्या उजळलेल्या, पुढच्या पट्ट्यात कंदिलांच्या काचा, मध्ये सावली. दालचिनी, चामडं, रॉकेल आणि सुकवलेली सफरचंदं यांचा मिळून एक वास होता. कुठेतरी घड्याळ टिकटिक करत होतं. बाहेर खांबाला बांधलेला घोडा मधूनच खूर आपटायचा. लोक बोलत होते तेही असं, की जवळच कुणी झोपलंय.

मी शेंगदाणे घेतले, मग तीळ दिसले म्हणून ते घेतले, आणि मग कापडाच्या तागांशी जाऊन उभी राहिले ती राहिलेच. एकाही कापडावर नक्षी नव्हती. गडद निळा, वांग्याचा जांभळा, शेवाळी, राखाडी. मी एकेक रंग हाताने चाचपत पुढे जात होते आणि डोक्यात काहीच नव्हतं. बँकही नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे.

मागच्या बाजूने एका मुलीचं रडणं ऐकू आलं. आधी दबकं, मग जोरात. मी वळून पाहिलं तर नाना शेजारी नव्हते.

मागच्या खोलीत घोड्यांच्या साजाचं सामान होतं. भिंतीवर चामड्याचे पट्टे, लाकडी खणांतून बकलं, साखळ्या, लहानमोठ्या पितळी कड्या. तिथे सहा-एक वर्षांची एक मुलगी उभी होती. तिने एक कडं हातात घातलं होतं. गेलं तर गेलं, पण आता निघत नव्हतं. दुकानाची मालकीण सॅलोमा, साठीची उंच बाई, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून साबण लावून कडं ओढत होती. ती तिची आजी होती. ओढून ओढून पोरीचा हात लालबुंद झाला होता आणि अंगठ्याखालचा भाग पावासारखा फुगला होता. लांब दाढीचा आजोबा, एली, बाजूला उभा होता. तो काहीतरी बोलला आणि भिंतीवरची करवत काढून घेऊन आला. लोखंड कापायची, बारीक दातांची.

करवत पाहिली आणि मुलगी किंचाळली.

नाना पट्ट्यांच्या मागून पुढे आले. त्यांनी एलीच्या करवतीवर हात ठेवला, ती बाजूला सारली, आणि मराठीत म्हणाले, “थांबा. मी आहे.”

एलीने माझ्याकडे पाहिलं.

“हे माझे सासरे आहेत,” मी इंग्रजीत म्हणाले. “यांचं आयुष्य यात गेलंय. हातात कडी घालण्यात. म्हणजे बांगड्या. आमच्याकडे बायका काचेच्या बांगड्या घालतात.” माझं मलाच ते विचित्र वाटत होतं.

सॅलोमाने नानांकडे पाहिलं. मग मुलीचा हात सोडला आणि सरकून जागा दिली.

“गार पाणी सांग,” नाना मला म्हणाले. “आणि तेल. साबण नको, साबणाने सालटं निघतंय. हिला उंचावर बसवा.”

सॅलोमाने मुलीला स्टुलावर बसवलं आणि नाना तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघे दुखतात म्हणून आमच्या घरी ते कधी खाली बसले नव्हते. त्यांनी तिचं मनगट एका हातात धरलं आणि हात वर, छताकडे केला.

“असाच राहू दे. उतरेल. घाई नाही आपल्याला.”

कुणी हललं नाही. तावदानातला उजेड त्या दोघांवर पडला होता. पाणी आलं तसं नाना ओंजळीने तिच्या हातावर सोडत राहिले आणि बोलत राहिले.

“नाव काय तुझं? नाही सांगायचं? बरं. कुठल्या गावची? कोळकीची का विडणीची? विडणीची दिसतेस. विडणीच्या पोरी अशाच धीट. एकटीच आलीस होय बांगड्या भरायला? आईला विचारलंस का? नाही विचारलं. मला वाटलंच.”

मी लग्नाआधी एकदाच त्या दुकानात गेले होते, चुडा भरायला, आणि तेव्हा हा आवाज ऐकला होता. तेच बोलणं, तोच ठेका. त्यात विचारायचं असं काही नसतं. बाईचं लक्ष हातावरून उडावं एवढंच असतं.

“मी सांगू का तिला, ते काय म्हणतायत?” मी सॅलोमाला विचारलं.

“घरी आम्ही आमची जर्मन बोलतो, तिला अजून इंग्रजी येत नाही,” सॅलोमा म्हणाली. “राहू दे. ऐकतेय ती.”

खरंच ऐकत होती. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण नजर नानांच्या तोंडावर. रडं ओसरून नुसते हुंदके येत होते. हळूहळू हाताचा लाल रंग उतरला. नानांनी तेल घेतलं, तिच्या अंगठ्याच्या मुळाशी चोळलं, मग बोटांच्या चारही सांध्यांवर.

“आता मूठ नको. हात मेल्यासारखा सोड. माझ्याकडे बघ, हाताकडे नको. असा. विडणीला ऊस कसा आहे यंदा?”

त्यांनी अंगठा तळहाताशी दुमडला, करंगळीकडची बाजू आत दाबली. तेवढ्याने हात अरुंद झाला, जणू त्यात हाडं नव्हतीच. कड्याला त्यांनी ओढलं नाही. जरा तिरकं केलं, एक बाजू पुढे, मग दुसरी, आणि कडं सांध्यांवरून चालत आलं. शेवटच्या सांध्याशी क्षणभर अडलं. नानांनी त्यावर फुंकर घातली. कडं त्यांच्या तळहातात पडलं.

मुलीने हात उलटासुलटा करून पाहिला. मग नानांकडे पाहून एकच शब्द बोलली.

“थँक यू म्हणतेय,” सॅलोमा म्हणाली.

आणि लगेच मुलीकडे वळून तिने त्यांच्या भाषेत काहीतरी सुनावलं. आवाज चढवला नाही, पण मुलीची मान खाली गेली. एलीने कडं उचलून खणात टाकलं.

“काय म्हणते ती?” नानांनी विचारलं.

“दागिना म्हणून घातलं तिने ते. त्यांच्यात चालत नाही.”

“सांग तिला, रागावू नका. गोल काही चकाकताना दिसलं की लेकरू हात घालणारच.”

मी सांगितलं. सॅलोमाने कड्यांच्या खणाकडे पाहिलं. मग तिने उजव्या बाहीचं टोक वर सरकवलं. मनगटावर पांढरी, जुनी रेघ होती.

“मी आठ वर्षांची होते,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांचं दुकान होतं हे. माझं कडं कापावं लागलं. तेव्हा असं कुणी आलं नाही दुकानात.”

मी नानांना सांगत होते, पण ते मनगटाकडेच बघत होते. सवयीने.

“हिला अडीचची लागेल,” ते म्हणाले.

“काय म्हणाले?” सॅलोमाने विचारलं.

“तुमच्या मनगटाचं माप सांगितलं. बांगडीचं.”

ती हसली, आणि पटकन बाही खाली ओढली.

त्यानंतरचं मला नीट सलग आठवत नाही. सॅलोमाने मला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि सफरचंदाचा रस दिला. ऊन तावदानांतून सरकत कापडाच्या तागांवर गेलं. ती नानांना घेऊन दुकान दाखवत फिरत होती. ती तिच्या भाषेत बोलत होती, नाना मराठीत. इंग्रजीची दोघांनाही गरज वाटत नव्हती. तिने टाचण्यांचा डबा उघडला आणि आपल्या झग्याच्या छातीवर बोट ठेवून दाखवलं की बटणं नाहीत, सगळं टाचण्यांवर. नानांनी एक टाचणी उचलून तिचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि “चांगली आहे, वाकायची नाही,” असं म्हणाले. तिने मान डोलावली. दोऱ्यांची रिळं त्यांनी उजेडात धरून पाहिली. एक गिऱ्हाईक बाई कापड घ्यायला आली तर ताग्याचं दुसरं टोक नानांनी धरलं, कुणी न सांगता. ती लहान मुलगी चार पावलं मागून त्यांच्याबरोबर फिरत होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

मला झोप लागली असावी. जाग आली तेव्हा घड्याळात अडीच वाजत होते आणि नाना माझ्यासमोर टोपी घालून उभे होते.

“चल,” ते म्हणाले. “बँक राहिलीय ना?”

गाडीत ते माझ्या शेजारी बसले. दोन्ही बाजूंना मका पिवळा पडत आला होता. पुढे एक घोडागाडी चालली होती आणि मी तिच्या मागे गाडी हळू चालवत होते. ओलांडून जाता आलं असतं.

“माईच्या बांगड्या मी काढल्या,” नाना म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

“ऑपरेशनला नेताना नर्स म्हणाली, हातातलं सगळं काढा. हात सुजले होते तिचे. नर्स पक्कड घेऊन आली, फोडून काढते म्हणाली. मी म्हटलं, थांबा, मी आहे. दोन्ही हातांत मिळून चौदा होत्या. एकेक करून उतरवली. एकसुद्धा वाढू दिली नाही.”

बांगडी फुटली असं नाना कधी म्हणायचे नाहीत. वाढली म्हणायचे.

“माई हसत होती. म्हणाली, भरताना कधी एवढा वेळ लावला नाही तुम्ही. मी म्हटलं, संध्याकाळी परत भरतो, तेव्हा लावतो वेळ.”

घोडागाडी एका शेताकडे वळली. रस्ता रिकामा झाला. मी गाडीचा वेग वाढवला नाही.

“नंतर बायका म्हणाल्या, सवाष्ण गेलीय, हिरवा चुडा तुम्हीच भरा. माझे हात उठले नाहीत. त्यांनीच भरला. शलाका, अठ्ठेचाळीस वर्षं मी भरतच आलो. काढल्या त्या तेवढ्या एकदा. तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. मी काढल्या म्हणून.”

“नाना, असं नसतं.”

“ते मला कळतं. कळून काय उपयोग? दुकानात पाय टाकला की हात थरथरायचे. परागला वाटलं, मी थकलोय. मी म्हटलं, वाटू दे.”

ते आपले हात बघत होते. तेलाचा वास अजून येत होता.

“आज नाही थरथरले,” ते म्हणाले.

गावाची हद्द लागली. पेट्रोलपंप गेला, चर्च गेलं. पुढच्या सिग्नलला डावीकडे बँक होती.

“किती वाजेपर्यंत असते बँक?” नानांनी विचारलं. “सही करून टाकू. परागचा जीव टांगणीला नको.”

“आज शुक्रवार आहे ना,” मी म्हणाले. “दोनला बंद होते.”

ती पाचपर्यंत उघडी असायची. बँकेच्या दारातून एक माणूस बाहेर पडताना आम्हाला दोघांनाही दिसला. सिग्नल हिरवा झाला आणि मी सरळ पुढे गेले. घरी आल्यावर नानांनी स्वतःहून चहा टाकला, मलाही दिला.

संध्याकाळी पराग म्हणाला, “झाली सही?” मी म्हणाले, “पोचेपर्यंत बँक बंद झाली.” त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि “बरं” म्हणाला. पुढच्या आठवड्यात नाना जेवताना म्हणाले की त्यांना दिवाळीच्या आत दुकान उघडायचंय. मला वाटलं होतं, पराग भांडेल. त्याने तिकीट काढून दिलं.

दुकान चार वर्षं चाललं. दर रविवारी मी फोन करायचे. तब्येत कशी आहे, जेवलात का, थंडी आहे का, असं विचारलं की नाना म्हणायचे, “आज दोन चुडे भरले,” किंवा “लगीनसराई आहे, वेळ नाही बोलायला.” त्या अमिश दुकानाबद्दल ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

चार वर्षं झाल्यावर जानेवारीत ते पहाटे न्हाणीघरात पडले. घरात एकटेच. दूधवाल्याने हाका मारल्या, शेजाऱ्यांनी दार फोडलं, तोवर चार तास गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

विमानात, घरात, भेटायला येणाऱ्यांसमोर माझ्या मनात एकच चाललं होतं. आमच्याकडे असते तर चार मिनिटांत अँब्युलन्स आली असती. ते तिथे एकटे होते ते माझ्यामुळे. दहाव्या दिवशी घाटावरून परत आल्यावर पराग आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मला ते आणखी मनात ठेववेना.

“पराग, त्या शुक्रवारी बँक उघडी होती. मी नानांशी खोटं बोलले. तुझ्याशीही.”

“माहितेय मला.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. माझीच बँक ती, वेळा मला माहीत नाहीत का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना घेऊन गेलो होतो. शनिवारी बारापर्यंत असते. तू झोपली होतीस.”

मी त्याच्याकडे वळले.

“नोटरी समोर बसली होती. नानांनी पेन घेतलं. सही करणार, तर मला विचारलं, दुकान विकल्यावर सकाळी आवरून मी जायचं कुठे? तक्रार नव्हती त्यात. खरंच विचारत होते, गावातला पत्ता विचारावा तसं. मग मीच कागद परत घेतला.”

“आणि मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“नानांनी सांगू दिलं नाही.” परागने डोळे पुसले. “परत येताना गाडीत म्हणाले, पोरगी काल माझ्यासाठी खोटं बोललीय. माझ्याकडे न बघता बोलली, कान लाल झाले होते तिचे. आपण आज बँकेत गेलो हे तिला कळू देऊ नकोस. तिचं खोटं वाया जायला नको.”